एडिस इजिप्ती डासाच्या जनुकसंचाचे अनुक्रमण व जुळणी

एडिस इजिप्ती या डासाच्या जनुकसंचाचे अनुक्रमण व जुळणी हे कीटकांच्या आनुवंशिकीतील एक महत्त्वाचे आणि दीर्घकाळ चाललेले संशोधनकार्य आहे. या जनुकसंचाचा पहिला मसुदा २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो हजारो सुट्या तुकड्यांच्या स्वरूपात होता. हे तुकडे तीन गुणसूत्रांवर क्रमाने लावण्यात २०१७ साली यश आले. बहुतेक रिकाम्या जागा भरून काढलेली संदर्भ-आवृत्ती २०१८ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. या आवृत्तीला 'एएईजीएल-५' असे संक्षिप्त नाव आहे. तिच्यानुसार या डासाचा जनुकसंच सुमारे १२८ कोटी अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या आधारक-जोड्यांचा आहे.

डासाचा परिचय

एडिस इजिप्ती हा काळसर रंगाचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि मुख्यतः दिवसा चावणारा डास आहे. मूळचा आफ्रिकेतील हा डास आज उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व शहरांत आढळतो. घराभोवती साठलेल्या स्वच्छ पाण्यात, टाक्या, पिंपे, कुंड्यांखालच्या बश्या, टाकून दिलेले टायर अशा ठिकाणी त्याची पैदास होते. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका आणि पीतज्वर या रोगांच्या विषाणूंचा प्रसार प्रामुख्याने त्याच्यामार्फत होतो. भारतात हा डास सर्वत्र असूनही पीतज्वर आढळत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुनिया मात्र नित्याचे झाले आहेत. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर फुलांतील मधुरसावर जगतो. जन्मणारा डास नर होणार की मादी, हे जनुकसंचात नेमके कोठे ठरते, हा प्रश्न त्यामुळे रोगनियंत्रणाच्या दृष्टीने कळीचा ठरतो. याच प्रश्नाचे उत्तर पहिल्या मसुद्यात सापडत नव्हते.

अनुक्रमण आणि जुळणी यांतील फरक

'जनुकसंच वाचला' असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळी कामे असतात. डीएनएचा धागा अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या क्रमाने बनलेला असतो. हा क्रम ओळखणे म्हणजे अनुक्रमण. कोणतेही यंत्र संपूर्ण गुणसूत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचू शकत नाही. म्हणून असंख्य पेशींतील डीएनएचे यादृच्छिक तुकडे करून ते वाचले जातात आणि मग एकमेकांवर येणारे भाग पाहून संगणकाच्या साहाय्याने मूळ क्रम पुन्हा उभा केला जातो. हे दुसरे काम म्हणजे जुळणी.

आरतीसंग्रहाच्या अनेक प्रती घेऊन त्यांच्या बारीक चिंध्या केल्या आणि त्यांवरून पुस्तक पुन्हा तयार करायचे ठरवले, तर काय होईल याची कल्पना करता येते. कडव्यांतील शब्द वेगवेगळे असल्याने त्या चिंध्या एकमेकींशी जुळवता येतील. परंतु ज्या चिंधीवर केवळ ध्रुवपद आहे, ती कोणत्या कडव्यानंतरची, हे तिच्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळणार नाही. ध्रुवपदाच्या आधीचे आणि नंतरचे कडवे एकाच चिंधीवर येईल, इतकी ती लांब असेल तरच प्रश्न सुटेल. एडिस इजिप्तीच्या जनुकसंचाची अडचण नेमकी हीच होती; त्यात ध्रुवपदे फार होती.

पहिला मसुदा (२००७)

मलेरियाच्या अ‍ॅनॉफिलिस गॅम्बी या डासाचा जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला होता. तो सुमारे २७ कोटी ८० लाख अक्षरांचा होता. त्यानंतर एडिस इजिप्तीचे काम अमेरिकेतील 'द इन्स्टिट्यूट फॉर जीनोमिक रिसर्च' आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट या संस्थांनी इतर अनेक प्रयोगशाळांच्या सहकार्याने हाती घेतले. विश्वनाथ नेने हे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे प्रथम लेखक होते.

या कामासाठी 'लिव्हरपूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतील वाणाची निवड करण्यात आली. त्याच्यातील आनुवंशिक विविधता कमी व्हावी म्हणून आधी बारा पिढ्या जवळच्या नात्यांत संकर केले गेले. डीएनएचे तुकडे जिवाणूंमध्ये वाढवून सँगर पद्धतीने वाचण्यात आले. या पद्धतीत एका वेळी साधारण सातशे ते आठशे अक्षरे वाचली जातात आणि वाचन अत्यंत अचूक असते. प्रत्येक स्थान सरासरी सुमारे आठ वेळा वाचले जाईल, इतकी माहिती गोळा करण्यात आली.

मसुद्यानुसार जनुकसंचाचा आकार १३७ कोटी ६० लाख अक्षरे, म्हणजे अ‍ॅनॉफिलिस गॅम्बीच्या सुमारे पाचपट निघाला. जनुकांची संख्या मात्र पाचपट नव्हती. प्रथिने तयार करणारी १५,४१९ जनुके नोंदवली गेली. उरलेला पसारा मुख्यतः स्थानांतरी घटकांचा होता. जनुकसंचात स्वतःच्या प्रती तयार करून किंवा स्वतःच जागा बदलून अन्यत्र जाऊन बसणारे हे डीएनएचे तुकडे असतात. त्यांनी जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापलेला आढळला. 'हुआन-ए' नावाच्या एकाच घटककुलाच्या प्रती सुमारे तीन टक्के जागा अडवून बसल्या होत्या. या घटकांच्या नावांतही गंमत आहे. त्यांतील एका कुलाचे नाव 'वुकोंग' असून तेच नाव चिनी कथांतील उड्या मारणाऱ्या वानरवीराचे आहे.

एकाच प्रकारचे तुकडे हजारो ठिकाणी असल्यामुळे सातशे अक्षरांच्या वाचनांनी जुळणी पुढे सरकत नव्हती. परिणामी मसुदा ३६ हजारांहून अधिक सलग तुकड्यांत राहिला. अशा सलग तुकड्याला 'कंटिग' म्हणतात. दोन कंटिग एकमेकांच्या शेजारी आहेत हे माहीत असले, पण मधला मजकूर वाचता आलेला नसला, तर त्यांना रिकामी जागा सोडून एकत्र बांधतात. त्या मोठ्या खंडाला 'स्कॅफोल्ड' म्हणतात. असे ४,७५८ खंड तयार झाले. त्यांपैकी जनुकसंचाच्या जेमतेम ३१ टक्के भागाचे गुणसूत्रांवरील स्थान निश्चित करता आले. बाकीचे खंड कोणत्या गुणसूत्राचे, हेही ठाऊक नव्हते.

हा मसुदा अपुरा होता म्हणून त्याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. पुढील दशकभर एडिस इजिप्तीवरील रेणवीय संशोधन त्याच्याच आधाराने झाले. मात्र जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना आपले जनुक दोन खंडांत अर्धे-अर्धे विभागलेले आढळे किंवा एकाच जनुकाच्या जवळजवळ सारख्या प्रती एकीत मिसळून गेलेल्या दिसत. एखादे वैशिष्ट्य अमुक भागाशी निगडित आहे असे संकरांच्या प्रयोगांतून दिसले, तरी त्या भागात कोणती जनुके आहेत याची यादी करता येत नसे.

नर ठरवणारे जनुक

माणसात नराचे वाय गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळे ओळखू येते. एडिस इजिप्तीमध्ये तसे नाही. त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात आणि नर व मादी यांची गुणसूत्रे दिसायला सारखीच असतात. पहिल्या जोडीतील एका गुणसूत्रावर एक लहान भाग नरात असतो, मादीत नसतो. त्याला 'एम-स्थान' म्हणतात. असे स्थान असले पाहिजे, हे संकरांच्या प्रयोगांवरून अनेक दशकांपासून माहीत होते.

२००७च्या मसुद्यात हे स्थान हाती लागले नाही. एक तर ते फक्त नरात, आणि तेही जोडीतील एकाच गुणसूत्रावर असल्यामुळे त्याची वाचने इतर भागांच्या मानाने कमी आली. दुसरे म्हणजे तो भाग पुनरावृत्तींनी गच्च भरलेला होता. त्यातील कळीचे जनुक अखेर वेगळ्या वाटेने सापडले. नर आणि मादी यांचा डीएनए स्वतंत्रपणे वाचून, केवळ नरात आढळणारे तुकडे वेचून काढण्यात आले. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली 'निक्स' या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. क्रिस्पर तंत्राने हे जनुक बंद केलेल्या नरांत मादीसारखे अवयव विकसित झाले. उलट, मादीच्या भ्रूणात ते कार्यरत केल्यावर तिच्यात नराची लक्षणे दिसली.

निक्सपासून बनणारे प्रथिन लहान आहे. त्याची माहिती हजारापेक्षा कमी अक्षरांत मावते. परंतु ती माहिती दोन भागांत विभागलेली असून मध्ये सुमारे एक लाख अक्षरांचे, पुनरावृत्तींनी भरलेले अंतर आहे. सातशे अक्षरांच्या वाचनांना हे अंतर ओलांडता येणे शक्यच नव्हते. संपूर्ण एम-स्थान सुमारे १५ लाख अक्षरांचे असल्याचे २०१८च्या आवृत्तीत स्पष्ट झाले. 'मायो-सेक्स' हे दुसरे जनुकही तेथेच आहे. केवळ निक्स दिल्याने मादीचे प्रजननक्षम नरात रूपांतर होते, पण असा नर उडू शकत नाही, कारण उडण्यासाठी लागणारे मायो-सेक्स त्याच्याकडे नसते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

गुणसूत्रांवर मांडणी (२०१७)

खंडांचा क्रम लावण्याची अडचण 'हाय-सी' या तंत्राने सुटली. पेशीकेंद्रात गुणसूत्रे गुंडाळलेल्या अवस्थेत असतात. फॉर्माल्डिहाइड घालून परस्परांजवळ असलेले डीएनएचे भाग एकमेकांना जखडले जातात आणि मग त्या जोड्या वाचल्या जातात. एकाच गुणसूत्रावरील भाग एकमेकांच्या सान्निध्यात अधिक वेळा येतात. त्यांतही धाग्यावरचे अंतर जितके कमी, तितक्या जोड्या जास्त. पुस्तकावर तेल सांडले तर लगतच्या पानांवर एकाच आकाराचा डाग उमटतो आणि पाने सुटी झाली तरी डागांवरून त्यांचा क्रम लावता येतो, तसाच हा प्रकार आहे.

अमेरिकेतील बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन येथील ओल्गा दुदचेन्को, एरेझ लीबरमन एडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रथम मानवी जनुकसंचावर पडताळून पाहिली. त्यानंतर एडिस इजिप्तीचे जुने खंड तपासून, चुकीचे सांधे तोडून, ते तीन गुणसूत्रांच्या लांबीत मांडले. क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस या डासाचीही जुळणी त्यांनी याच निबंधात दिली. हे काम 'सायन्स'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे क्रम कळला, पण खंडांमधल्या न वाचलेल्या जागा तशाच राहिल्या. कारण मूळ वाचने २००७चीच होती.

संदर्भ-आवृत्ती (२०१८)

१ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने झिकाच्या साथीशी निगडित विकारांबाबत आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ब्राझीलमध्ये लहान डोक्याच्या बालकांचे जन्म मोठ्या संख्येने नोंदवले जात होते. या रोगाच्या वाहक डासाचा जनुकसंच मात्र अजून तुकड्यांतच होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लेस्ली व्हॉसहॉल यांनी समाजमाध्यमातून याकडे लक्ष वेधले. त्यातून विद्यापीठे, रुग्णालये आणि अनुक्रमणाची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या यांतील संशोधकांचा 'एडिस जीनोम वर्किंग ग्रुप' हा गट उभा राहिला. बेंजामिन मॅथ्यूज हे त्याच्या शोधनिबंधाचे प्रथम लेखक होते.

या वेळी पॅसिफिक बायोसायन्सेस कंपनीच्या यंत्रांवर डीएनएचे एकेक रेणू वाचण्यात आले. अशा वाचनाची लांबी दहा हजार अक्षरांच्या पुढेही जाते. म्हणजे पुनरावृत्तीच्या दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच वाचनात येतो. एका वाचनात चुकांचे प्रमाण सँगर पद्धतीपेक्षा बरेच अधिक असते. परंतु चुका ठरावीक जागी होत नसल्याने तोच भाग अनेकदा वाचून त्या दुरुस्त करता येतात.

खरी अडचण कच्च्या मालाची होती. एका डासातून मिळणारा डीएनए त्या काळच्या पद्धतीला पुरेसा नव्हता आणि अनेक डास एकत्र करावेत, तर त्यांच्यातील लहान-मोठे फरक जुळणीत घोटाळा करतात. संगणक एकाच जागेच्या दोन किंचित वेगळ्या रूपांना दोन वेगळ्या जागा समजतो आणि जनुकसंच खऱ्यापेक्षा मोठा दिसू लागतो. म्हणून लिव्हरपूल वाणात पुन्हा तीन पिढ्या निवडक जोड्यांचे संकर करून एकाच कुटुंबातील ८० नर भावंडांचा डीएनए घेण्यात आला. नरच घेतल्याने एम-स्थानही हाती येणार होते. एवढे करूनही जुळणीत दुहेरी भाग आलेच. ते हाय-सीच्या माहितीवरून ओळखून वगळावे लागले. डीएनएच्या लांब रेणूंवरील खुणांचे प्रकाशीय नकाशे वापरून मांडणीची स्वतंत्र पडताळणीही झाली.

हाती आलेल्या जुळणीत कंटिगांची संख्या सुमारे अडीच हजारांवर आली. जुळणीची प्रत 'एन-५०' या मापाने मोजतात. सर्व तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून त्यांची बेरीज करत गेल्यास, ज्या तुकड्यापाशी एकूण लांबीचा निम्मा टप्पा गाठला जातो त्याची लांबी म्हणजे एन-५०. कंटिगांसाठी हे माप आधी सुमारे ८२ हजार अक्षरे होते. ते १ कोटी १८ लाखांच्या घरात गेले. जनुकसंचाचा ९४ टक्के भाग तीन गुणसूत्रांवर बसवला गेला. पहिले गुणसूत्र सुमारे ३१ कोटी, दुसरे ४७ कोटी आणि तिसरे ४१ कोटी अक्षरांचे आहे. पुनरावृत्त भागाचे प्रमाण ६५ टक्के निघाले. पूर्वी हाती न लागलेल्या बऱ्याच पुनरावृत्ती आता मोजल्या गेल्या होत्या. प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांची संख्या १४,६१३ अशी नोंदवली गेली. संख्या घटली याचा अर्थ जनुके हरवली असा नाही. दोन तुकड्यांत विभागल्यामुळे पूर्वी दोनदा मोजली गेलेली काही जनुके आता एक झाली होती.

नव्या आवृत्तीतून समजलेल्या बाबी

गंध व चव ओळखण्यास साहाय्य करणाऱ्या 'आयनोट्रॉपिक' ग्राहींची ज्ञात संख्या या आवृत्तीमुळे दुप्पट झाली. माणसाचा माग काढणे आणि अंडी घालण्यासाठी जागा निवडणे या दोन्ही गोष्टींत अशा ग्राहींचा सहभाग असतो.

कीटकनाशकांना दाद न देण्याच्या गुणधर्माबाबतचा निष्कर्ष अधिक लक्षणीय आहे. ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज ही विकरे डीडीटीसारख्या रसायनांचे विघटन करतात. त्यांची जनुके शेजारी-शेजारी असून त्यांतील काहींच्या एकाहून अधिक प्रती या वाणात आढळल्या. जुन्या जुळणीत अशा सारख्या प्रती एकमेकींत मिसळल्या जात. प्रती किती, यावर विकराचे प्रमाण अवलंबून असू शकते. त्यामुळे ही केवळ हिशेबाची चूक नव्हती. तसेच मेक्सिकोच्या युकातान भागातील डासांच्या संकरांवरून धूरफवारणीत वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील रसायनाच्या प्रतिकाराशी संबंधित भाग शोधण्यात आले. ही रसायने डासाच्या चेतापेशींतील सोडियम-वाहिनीवर आघात करतात. त्या वाहिनीचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. डेंग्यूचा विषाणू शरीरात वाढू देण्याच्या क्षमतेशी निगडित भागही या नकाशावर दाखवता आले.

मर्यादा

संदर्भ-आवृत्ती प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवलेल्या एकाच वाणाची आहे. पुण्यातील किंवा रिओ दि जानेरोतील डास तिच्याशी अक्षरशः जुळणार नाही. आफ्रिकेतील जंगलात राहणारी आणि माणसाच्या वाऱ्याला फारशी न जाणारी एडिस इजिप्तीची उपजातीही आहे. तिच्यातील फरक समजण्यासाठी वेगळी वाचने लागतात. संदर्भाशी तुलना करताना जो भाग संदर्भातच नाही, तो सहसा दुर्लक्षित राहतो, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. गुणसूत्रांवर न बसलेला सुमारे सहा टक्के भागही आहेच.

इतर डासांच्या जनुकसंचांशी तुलना

डासांच्या जनुकसंचांच्या आकारांत मोठी तफावत आढळते. क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटसचा २०१० साली प्रसिद्ध झालेला मसुदा सुमारे ५७ कोटी ९० लाख अक्षरांचा होता. 'आशियाई वाघडास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एडिस अल्बोपिक्टसचा २०१५ सालचा मसुदा १९६ कोटींहून मोठा, म्हणजे एडिस इजिप्तीपेक्षाही विस्तृत निघाला. ही वाढही मुख्यतः पुनरावृत्त घटकांमुळेच झालेली आहे.

एका डासाच्या डीएनएवर भागत नसल्याची अडचण मात्र फार काळ टिकली नाही. अ‍ॅनॉफिलिस कोलुझी या डासाच्या एकाच मादीच्या डीएनएपासून दर्जेदार जुळणी केल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात ८० भावंडांची गरज पडली नाही.

माहितीची उपलब्धता

'एएईजीएल-५' ही जुळणी शोधनिबंध छापून येण्यापूर्वीच, २०१७ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या संग्रहात ती विनामूल्य पाहता व उतरवून घेता येते; रोगवाहक जीवांच्या 'व्हेक्टरबेस' या माहितीकोशातही ती आहे.